टॉवर आपल्याला कुठल्या नंबराने हाक मारतो?

मागच्या अंकात फोन आणि टॉवर एकमेकांशी कसे बोलतात त्यावर लिहिलं होतं आणि जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की टॉवर प्रत्येक फोनला एक तात्पुरता नंबर देतो आणि त्याच नंबराने हाक मारतो. सगळ्यात जास्त प्रश्न त्या एका वाक्यावर आले, म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न : ताई, माझा मोबाइल नंबर आहे, सिमचा वेगळा नंबर आहे, हँडसेटला आयएमईआय आहे. एवढे असताना टॉवरला आणखी एक नंबर कशाला हवा? आहे त्यातलाच एखादा वापरला तर काय बिघडतं?

उत्तर : दोन गोष्टी बिघडतात आणि त्या दोन्ही वेगवेगळ्या आहेत, हे आधी लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा गोंधळ त्या एकत्र केल्यामुळेच होतो.

पहिली गोष्ट जागेची. तुमचा मोबाइल नंबर टॉवरला मुळात माहीतच नसतो, तो आत कोअर नेटवर्कच्या, म्हणजे टॉवरांच्या मागे असलेल्या कंपनीच्या मुख्य यंत्रणेच्या, वहीत असतो. सिममध्ये जी खरी ओळख असते तिला आयएमएसआय म्हणतात, १५ आकड्यांपर्यंतचा नंबर, बिटांत मोजला तर पन्नासेक बिट. आता फोर-जीमध्ये टॉवर दर मिलिसेकंदाला ठरवतो की या क्षणी कोणाला किती हवा वापरायला द्यायची, म्हणजे सेकंदाला हजार वेळा हुकूम सुटतात आणि एकेका वेळी अनेक फोनांसाठी सुटतात. तो हुकूमच जेमतेम काही डझन बिटांचा असतो, त्याच्यावर पत्ताच पन्नास बिटांचा लिहिला तर मजकुरापेक्षा पत्ता मोठा. म्हणून टॉवर आपल्या सेलपुरता, म्हणजे तो सांभाळतो त्या टापूपुरता, एक १६ बिटांचा छोटा नंबर देतो, त्याला आरएनटीआय म्हणतात, आणि कनेक्शन चालू असताना जो मिळतो तो सी-आरएनटीआय. शाळेत हजेरी घेताना बाई पूर्ण नाव न घेता नुसतं "सतरा" म्हणायच्या आणि आपण "हजर" म्हणायचो, तसंच. वर्ग बदलला की सतरा नंबर दुसऱ्याचा.

दुसरी गोष्ट लपण्याची. हवेतून जाणारं कोणीही ऐकू शकतं, आणि आयएमएसआय आयुष्यभर तोच राहतो, तो उघड्यावर वारंवार पाठवला तर नुसतं ऐकणाऱ्याला कळेल की हे सिम आज इथे आहे, काल तिथे होतं. म्हणून जीएसएमच्या, म्हणजे टू-जीच्या, काळापासूनच कोअर नेटवर्क फोनला एक ३२ बिटांचं टोपणनाव देतं, ते टीएमएसआय. फोर-जीत ते जीयुटीआय नावाच्या मोठ्या नंबराचा भाग झालं, फाइव्ह-जीतही तसंच आहे.

म्हणजे दोन तात्पुरते नंबर. एक टॉवरचा, सोयीसाठी. एक कोअरचा, झाकण्यासाठी. लोक दोन्हीला "टेम्पररी आयडी" म्हणून एकाच पिशवीत टाकतात आणि मग सोयीवाल्या नंबराकडून लपवण्याची अपेक्षा करतात, जे काम त्याला कोणी कधी दिलेलंच नव्हतं.

प्रश्न : ताई मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. १६ बिट म्हणजे ६५ हजार नंबर झाले. जगात एवढे फोन, पुरतात कसे? आणि फोनला अजून नंबर मिळालेलाच नसतो तेव्हा टॉवर त्याला पहिला नंबर कोणत्या नावाने पाठवतो? आणि चुकून दोन फोनांना एकच नंबर गेला तर?

उत्तर : तिन्ही प्रश्न मस्त आहेत, त्यातला मधला तर मला इतका आवडतो की त्यावरच जास्त लिहिणार आहे.

पुरण्याचं आधी उरकते. हा नंबर सेलपुरता असतो, शेजारच्या सेलमध्ये तोच नंबर दुसऱ्या फोनला खुशाल देता येतो, आणि एका सेलमध्ये एका वेळी खरोखर जोडलेले फोन काही शे, फार तर काही हजार. सगळ्यात वरचे थोडे नंबर राखीव असतात. ६५५३५ म्हणजे सेलची सर्वांसाठीची माहिती, ६५५३४ म्हणजे पेजिंग (झोपलेल्या फोनांना कॉल आल्याची हाक), हे दोन नंबर सगळे फोन ऐकतात, कोणाच्या मालकीचे नाहीत.

आता नाव नसलेल्याला हाक कशी मारायची. फोन आधी एक प्रिअँबल पाठवतो, म्हणजे ठरलेल्या आकाराचा एक सिग्नल, त्यात माहिती काहीच नसते, नुसतं "कोणीतरी आहे इथे". एका सेलमध्ये असे ६४ प्रिअँबल असतात, त्यातला एक फोन स्वतः चिठ्ठी टाकल्यासारखा उचलतो. टॉवरला कळतं की अमुक क्षणी अमुक जागी अमुक प्रिअँबल आला, कोणाचा ते माहीत नाही. मग तो उत्तर पाठवतो ते त्या वेळेवरून आणि जागेवरून हिशोब करून काढलेल्या नंबरावर, त्याला आरए-आरएनटीआय म्हणतात. म्हणजे पत्ता काय, तर "ज्याने आत्ता त्या जागी हाक मारली तो". माणूस माहीत नसताना क्षणालाच पत्ता बनवलाय, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान परत मागे उलटून वाचलं होतं. त्या उत्तरात तीन गोष्टी येतात, तुझं घड्याळ इतकं पुढे सरकव, पुढचं बोलणं या जागेत बोल, आणि हा घे तात्पुरता सी-आरएनटीआय.

आता तुझा तिसरा प्रश्न इथेच येतो. दोन फोनांनी त्याच क्षणी तोच प्रिअँबल उचलला तर दोघांनाही तेच उत्तर ऐकू येतं, दोघेही तोच नंबर आपला समजतात, दोघेही त्याच जागेत तिसरा मेसेज पाठवतात (प्रिअँबल पहिला, टॉवरचं उत्तर दुसरा). त्या तिसऱ्या मेसेजमध्ये फोन आपलं टोपणनाव सांगतो, आणि टोपणनावच नसेल तर तेवढ्यापुरता एक रँडम आकडा. टॉवरला दोघांपैकी जो स्पष्ट ऐकू आला त्याचाच मेसेज तो चौथ्या मेसेजमध्ये जसाच्या तसा परत ऐकवतो. ज्याला आपलेच शब्द परत ऐकू आले तो जिंकला, त्याचा तात्पुरता नंबर तिथून पुढे पक्का सी-आरएनटीआय. ज्याला दुसऱ्याचे शब्द ऐकू आले तो मुकाट मागे हटतो, थोडं थांबतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. आणि हे सगळं पापणी लवायच्या आत.

एक बारीक गोष्ट, शेवटच्या वर्षाला आहेस म्हणून सांगते. फाइव्ह-जीमध्ये टोपणनावाचा हवेतून सांगायचा भाग ४८ बिटांचा झाला पण तिसऱ्या मेसेजमध्ये तेवढी जागा नाही, म्हणून फोन आधी ३९ बिट सांगतो आणि उरलेले ९ पाचव्या मेसेजमध्ये. टोपणनाव नसेल तर रँडम आकडाही ३९ बिटांचाच.

प्रश्न : पण हुकुमावर नंबर लिहिलेला असतो म्हणता, मग फोनला आपला हुकूम कोणता ते शोधायला सगळेच वाचावे लागत असतील ना? बॅटरी नाही का जात?

उत्तर : हो, वाचावे लागतात, आणि "लिहिलेला" हा शब्द मी जरा सैल वापरला, तो दुरुस्त करते. नंबर वेगळा लिहितच नाहीत. प्रत्येक हुकुमाच्या शेवटी चूक पकडण्यासाठी एक तपासणीचा आकडा असतो, सीआरसी, त्याच्यावरच आरएनटीआय बिटाला बिट मिसळून टाकतात. फोन ठरलेल्या काही जागा उघडून बघतो, प्रत्येक ठिकाणी आपला नंबर काढून टाकून तपासणी करतो, जुळली तर हुकूम आपला, नाही जुळली तर एकतर दुसऱ्याचा किंवा नुसता गोंगाट. फोर-जीच्या साध्या रूपात हे मिलिसेकंदाला जास्तीत जास्त ४४ वेळा. म्हणजे पत्त्याला एकही जादा बिट लागला नाही, तपासणीतच पत्ता लपला.

यात एक गंमत आहे. फोर-जीत तो तपासणीचा आकडाही १६ बिटांचाच, म्हणजे निव्वळ गोंगाटसुद्धा ६५,५३६ मध्ये एकदा "जुळल्यासारखा" दिसणार. सेकंदाला ४४ हजार प्रयत्न धरले तर दीड सेकंदाला एक खोटा हुकूम पडेल, म्हणून फोनांमध्ये आणखी चाळण्या लावाव्या लागतात, की हा हुकूम आतल्या मजकुरावरून शक्य तरी आहे का. फाइव्ह-जीत तो आकडा २४ बिटांचा केला, नंबर शेवटच्या १६ वरच मिसळतात. माझ्या मते हा बदल कोणाच्या बोलण्यात येत नाही पण फार शहाणपणाचा आहे.

बॅटरी जातेच. म्हणून काम नसताना टॉवर फोनला सांगतो की सारखं ऐकू नकोस, अधूनमधून ठरलेल्या वेळी ऐक, आणि काही सेकंद काहीच झालं नाही तर कनेक्शनच सोडून देतो.

प्रश्न : नंबर तात्पुरता आहे, सारखा बदलतो, वर सगळं एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे माझा माग कोणी काढू शकत नाही असं धरून चालू का?

उत्तर : नाही. तसं धरू नका. या प्रश्नासाठी खरं म्हणजे हे सगळं सदर लिहिलं.

एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीने कुलूप लावणं, तुमच्या मजकुरावर असतं. वर सांगितलेले टॉवरचे हुकूम, ते पहिले चार मेसेज, हे सगळं उघड्यावर चालतं, कारण फोन आणि टॉवरमध्ये अजून किल्लीच ठरलेली नसते, आणि हुकूम तर नंतरही उघडेच राहतात. आणि जी युक्ती फोनला उपयोगी पडते तीच ऐकणाऱ्यालाही पडते. हुकूम ऐकायचा, तपासणीचा आकडा आपण काढायचा, आलेल्या आकड्यातून तो वजा केल्यासारखा काढून टाकायचा, खाली उरतो तो सी-आरएनटीआय. म्हणजे काहीही न तोडता, काहीही न पाठवता, नुसतं कान देऊन सेलमधल्या चालू नंबरांची यादी हाती येते, आणि कोणत्या नंबराला कधी किती डेटा गेला तेही.

आता तुम्ही म्हणाल की यादी मिळाली तर मिळाली, ४१३०७ हा नंबर कोण आहे ते कुठे कळलं? बरोबर आहे, नुसत्या नंबरावरून नाही कळत. पण तिसरा मेसेज आठवा. फोन तिथे आपलं टोपणनाव उघड सांगतो, आणि ते सांगतो तो नुकत्याच मिळालेल्या तात्पुरत्या नंबराच्या जागेत. म्हणजे सोयीचा नंबर आणि झाकायचा नंबर तिथे एका क्षणासाठी शेजारी शेजारी उभे राहतात, आणि ज्याने तेवढा क्षण पाहिला त्याच्यासाठी तिथून पुढचं सगळं त्या टोपणनावाच्या खात्यावर जमा. जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या आणि न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या अबुधाबी इथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये फोर-जीवर हेच दाखवलं, आणि पुढे जाऊन फक्त डेटाच्या आकारांवरून कोणती वेबसाइट उघडली तेही ओळखलं, प्रयोगशाळेत ५० लोकप्रिय साइट घेऊन सरासरी ८९ टक्के वेळा बरोबर. मजकूर न वाचता.

मग टोपणनावावरून माणूस कसा सापडतो? तुमचा मोबाइल नंबर ज्याला माहीत आहे तो तुम्हाला कॉल लावतो आणि रिंग व्हायच्या आत कट करतो, किंवा एखादा मेसेज पाठवतो, आणि त्या वेळी पेजिंगच्या यादीत कोणतं टोपणनाव आलं ते बघतो. एकदा केलं तर शंभर टोपणनावं असतील, पाचसात वेळा केलं की प्रत्येक वेळी हजर असलेलं एकच उरतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या लोकांनी २०१२ मध्ये जीएसएमवर ही पद्धत दाखवली होती.

यावर उपाय सरळ आहे, टोपणनाव वरचेवर बदला. आणि गंमत नाही, दुःख याचं आहे की तो उपाय स्टँडर्डमध्ये, म्हणजे सगळ्या कंपन्यांसाठी ठरलेल्या नियमांत, होता पण किती वेळा बदलायचं ते कंपन्यांवर सोडलेलं होतं. दक्षिण कोरियातल्या कायस्ट या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ११ देशांतल्या २८ कंपन्यांचं बदलणं तपासलं, तर १९ कंपन्यांमध्ये नवीन टोपणनाव जुन्यावरून ओळखता येईल असं होतं. काही बाइट तेच, काही ओळीने वाढणारे. म्हणजे माणसाने टोपी बदलली पण नव्या टोपीवर जुन्या टोपीचाच नंबर. मला याचा खरंच राग येतो, कारण इथे काही अवघड गणित नव्हतं, रँडम आकडा घ्यायचा होता, एवढंच.

फाइव्ह-जीमध्ये हे बरंचसं सुधारलंय. पेजिंगला उत्तर दिलं की टोपणनाव बदललंच पाहिजे असा नियम आला, म्हणजे वरची कॉल लावून ओळखायची युक्ती दर वेळी पहिल्या पायरीवर येते. आयएमएसआय उघडा पाठवायचीही गरज राहिली नाही, टोपणनाव नसेल तेव्हा फोन ती ओळख स्वतःच्या कंपनीच्या किल्लीने बंद करून पाठवतो, त्याला एसयुसीआय म्हणतात, आणि ती दर वेळी वेगळी दिसते. फक्त ही किल्ली लावणं कंपनीने चालू केलेलं असावं लागतं, न लावण्याचाही पर्याय स्टँडर्डमध्ये आहे. आणि फाइव्ह-जीचं चिन्ह दिसलं तरी पुष्कळदा खाली कोअर फोर-जीचंच असतं, तिथे हे नवे नियम लागू होत नाहीत.

प्रश्न : रात्रभर फोन उशाशी पडलेला असतो, काही चालू नसतं. तेव्हा हा नंबर कोणाकडे असतो? आणि कॉल आला तर मग मला कोणत्या नंबराने हाक?

उत्तर : तेव्हा तुमच्याकडे सी-आरएनटीआय नसतोच, टॉवरने तो केव्हाच परत घेऊन दुसऱ्याला दिलेला असतो, टॉवरला तर तुम्ही तिथे आहात हेही माहीत नसतं. फक्त कोअरला अंदाज असतो की तुम्ही या टॉवरांच्या गटात कुठेतरी आहात. कॉल आला की त्या भागातले टॉवर पेजिंग पाठवतात, सगळ्यांच्या त्या ६५५३४ नंबरावर, आणि आत टोपणनावांची यादी असते. तुमचा फोन काही शे मिलिसेकंदांपासून अडीच सेकंदांपर्यंत, जसं ठरलं असेल तसं, एकेकदा जागा होऊन यादी बघतो, आपलं नाव नसलं की परत झोपतो. असलं की प्रिअँबलपासून सगळं नव्याने, नवा नंबर.

जागं कधी व्हायचं ती वेळ फोर-जीत आयएमएसआयवरून काढतात, म्हणजे खऱ्या ओळखीचा थोडासा वास वेळेलाच येतो. फाइव्ह-जीत ती टोपणनावावरून काढतात. फाइव्ह-जीत आणखी एक मधली अवस्था आहे, ना पूर्ण जोडलेला ना पूर्ण सुटलेला, तिथे टॉवर आय-आरएनटीआय नावाचा ४० बिटांचा नंबर देऊन ठेवतो, की परत आलास की हा दाखव, तुझं खातं मी ठेवलंय. तो दर वेळी ताजा देतात आणि देतानाचा मेसेज एन्क्रिप्टेड असतो.

प्रश्न : गाडीतून जाताना बोलणं तुटत नाही, मग नंबर बदलतो तरी केव्हा?

उत्तर : बोलता बोलताच बदलतो. पुढचा टॉवर आधीच्या टॉवरला कळवतो की हा फोन माझ्याकडे आला की याचा नंबर हा, आणि जुना टॉवर तो तुम्हाला एन्क्रिप्टेड मेसेजमध्ये देतो. बाहेरून ऐकणाऱ्याला दिसतं की इथे एक नंबर गायब झाला आणि तिकडे एक उगवला, दोन्ही एकच आहेत हे उघड लिहिलेलं नसतं. मधेच सिग्नल तुटला तर फोन नव्या ठिकाणी जुना नंबर, जुन्या सेलची खूण आणि किल्लीने काढलेला १६ बिटांचा शिक्का दाखवून आपलं बोलणं परत जोडून घेतो. म्हणजे जुना नंबर तेवढ्यापुरता ओळखपत्राचं काम करतो, पण शिक्क्याशिवाय त्याला किंमत नाही.

प्रश्न : वायफायमध्ये "प्रायव्हेट अॅड्रेस" म्हणून सेटिंग आहे, ते म्हणजे हेच का?

उत्तर : हेतू सारखा, रीत उलटी. वायफायमध्ये फोन स्वतः खोटा पत्ता बनवतो, अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून ते आपोआप चालू असतं. मोबाइल नेटवर्कमध्ये नंबर नेटवर्क देतं, फोनच्या हातात फारसं नसतं, सेटिंगमध्ये त्याचं बटण सापडणार नाही.

प्रश्न : एअरप्लेन मोड लावून काढला की सगळे नंबर बदलतात असं एका मित्राने सांगितलं. आणि आपण स्वतः काही करू शकतो का?

उत्तर : मित्राचं अर्धं बरोबर आहे. सी-आरएनटीआय नक्की बदलतो. टोपणनावाचं तसं नाही, फोन ते जपून ठेवतो, बंद करून चालू केला तरी परत येताना जुनंच दाखवतो की मी तोच. त्यानंतर नवीन द्यायचं का ते फोर-जीत कंपनी ठरवते, फाइव्ह-जीत नव्याने नोंदणी झाली की द्यावंच लागतं.

तुमच्या हातातली एक गोष्ट मात्र खरोखर उपयोगाची आहे, ती म्हणजे टू-जी बंद करणं. टू-जीत फोन नेटवर्कला आपली ओळख पटवतो पण नेटवर्क खरं आहे का ते फोन तपासतच नाही, त्यामुळे खोट्या टॉवरने "टोपणनाव कळलं नाही, खरं नाव सांग" म्हटलं की फोन आयएमएसआय देऊन मोकळा. (खरं नाव विचारण्याची ही वाट फोर-जीतही पूर्ण बुजलेली नाही, पण टू-जीत त्याच्या पुढचं सगळंच उघडं पडतं.) अँड्रॉइड १२ पासून अनेक फोनांत सिमच्या सेटिंगमध्ये टू-जी बंद करायचं बटण आहे, आयफोनमध्ये आयओएस १७ पासून लॉकडाउन मोड लावला की टू-जी बंद होतं, पण त्या मोडमध्ये बाकीही बरंच बंद होतं ते बघून घ्या. आणि जिथे फक्त टू-जीच पोचतं अशा भागात जाणार असाल तर जायच्या आधी परत चालू करा, नाहीतर तिथे साधा कॉल लागणार नाही.